चिंतेवरच्या वनौषधी : ओळख, मात्रा आणि खबरदारी

चिंता ही मुळात शरीराची सावधगिरी आहे. परीक्षा, कर्जाचा हप्ता, घरातले आजारपण अशा प्रसंगी छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो, झोप उडते. प्रसंग सरला की सगळे आपोआप निवते. चिंताविकारात ते निवत नाही. क्षुल्लक कारणाने, कधी कारणावाचूनही मन धास्तावलेले राहते, मान-खांदे आखडतात, पोट बिघडते, कामात लक्ष लागत नाही. सर्वसाधारण चिंताविकाराचे निदान करताना ही अवस्था किमान सहा महिने, बहुतेक दिवस टिकली आहे का हे पाहिले जाते. या दोन टोकांच्या मध्ये असंख्य माणसे असतात. त्रास तर होतो, पण मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्याइतका नाही असे त्यांना वाटते आणि गेलो तर लोक काय म्हणतील ही धाकधूकही असते. काष्ठौषधीच्या दुकानात आस्कंदाची पूड मागणारे आणि मोबाइलवरून अश्वगंधेच्या गोळ्या मागवणारे बहुधा याच पट्ट्यातले. गोळ्या नकोत, काहीतरी झाडपाल्याचे बरे, ही त्यांची भावना समजण्यासारखी आहे. तिच्यामागचे गृहीतक मात्र धोक्याचे आहे. जी वनस्पती मेंदूवर, थायरॉइडवर किंवा यकृतावर परिणाम करते ती औषधच होय आणि मात्रा, पथ्य, दुष्परिणाम, इतर औषधांशी वैर हे सारे तिलाही लागू होते. वैद्यकाच्या जुन्या परंपरेने हे कधी नाकारले नाही. नैसर्गिक म्हणजे निर्धोक हे समीकरण जाहिरातींनी रूढ केले.

कोणतीही वनस्पती सुरू करण्याआधी या लक्षणांमागे शरीराचा आजार नाही ना, हे पाहून घ्यावे लागते. थायरॉइड ग्रंथी अतिकार्यक्षम झाली की धडधड, हातांना कंप, घाम, चिडचिड, वजन घटणे अशी लक्षणे दिसतात आणि ती हुबेहूब चिंतेसारखी असतात. रक्तक्षय, हृदयाचे अनियमित ठोके, मधुमेहाच्या औषधाने साखर एकाएकी उतरणे, दम्याची काही औषधे, दिवसभराचा अतिरेकी चहा-कॉफीचा मारा, नेहमीची दारू अचानक बंद करणे यांतही असेच घडते. टीएसएच आणि हिमोग्लोबिन या साध्या रक्ततपासण्या, रक्तदाब आणि गरज वाटल्यास ईसीजी एवढ्याने पुष्कळ घोटाळा टळतो. थायरॉइडची तपासणी तर टाळूच नये, कारण चिंतेवर सर्वाधिक खपणारी वनस्पती नेमकी याच ग्रंथीला चेतवू शकते.

ती वनस्पती म्हणजे अश्वगंधा, अर्थात आस्कंद. कोरड्या, हलक्या जमिनीत येणारे हे झुडूप मध्य प्रदेशातील नीमच-मंदसौर भागात मोठ्या प्रमाणावर पिकते. आयुर्वेदात वापर मुळाचा. त्यातली विथॅनोलाइड ही द्रव्ये परिणामकारक मानली जातात. तिच्यावरच्या बऱ्याच चाचण्या भारतातच झाल्या आहेत. हैदराबादमधील एका चाचणीत (प्रसिद्धी २०१२) ६४ ताणग्रस्त व्यक्तींपैकी निम्म्यांना मुळाचा ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा असा ६० दिवस दिला गेला. ताणाच्या मोजपट्टीवरचे त्यांचे गुण घटले आणि रक्तातले कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरकही उतरले. नंतरच्या चाचण्यांचा कल साधारण असाच आहे. पण त्यांतल्या बहुतेक लहान, दोन-तीन महिन्यांच्या आणि अनेकदा अर्क बनवणाऱ्या कंपन्यांच्या मदतीने झालेल्या आहेत. शिवाय चिंतेच्या कोणत्याही चाचणीत नकली गोळी घेणाऱ्या गटालाही बऱ्यापैकी बरे वाटते, त्यामुळे औषधाचा स्वतःचा वाटा दिसतो त्याहून लहान असतो. सौम्य ते मध्यम त्रासात काही आठवडे अश्वगंधेचा उपयोग होऊ शकतो, इतके म्हणायला आधार आहे. वर्षानुवर्षे रोज घेणे सुरक्षित आहे, असे म्हणायला नाही.

तिच्या मात्रेत एक गफलत वारंवार होते. भारतीय आयुर्वेदिक भेषजसंहितेत मुळाच्या चूर्णाची मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम दिली आहे. चाचण्यांतला अर्क मात्र दाट असतो, त्याची दिवसाची मात्रा बहुधा ३०० ते ६०० मिलिग्रॅम. दोन्ही पुडीच दिसतात, दोन्हींवर ‘अश्वगंधा’ लिहिलेले असते, आणि चूर्णाच्या सवयीने कोणी अर्काचा चमचा भरून घेतला तर मात्रा कितीतरी पट होते. दुसरी गोष्ट पानांची. पाने स्वस्त पडतात आणि त्यांच्यात विथाफेरिन-ए हे पेशींना अपायकारक द्रव्य मुळापेक्षा जास्त असते. केंद्रीय आयुष मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये औषध उत्पादकांना अश्वगंधेची पाने न वापरण्याची सूचना केली होती. पान मिसळले की विथॅनोलाइडची टक्केवारीही वाढलेली दिसते. म्हणून डबीवर आकडा मोठा दिसला, तरी आत फक्त मूळ आहे का, हे वाचणे अधिक महत्त्वाचे.

यकृताचा प्रश्न गेल्या काही वर्षांत पुढे आला. आइसलँड आणि अमेरिकेतून २०२० मध्ये, आणि भारतातील यकृततज्ज्ञांकडून २०२३ मध्ये, अश्वगंधेनंतर कावीळ झालेल्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. बहुतेकांमध्ये सुरुवात सेवनानंतर काही आठवड्यांत झाली. डोळे पिवळे, लघवी गडद आणि अंगाला असह्य खाज. औषध थांबवल्यावर बहुतेक जण बरे झाले, आधीपासून यकृतविकार असलेल्यांची अवस्था मात्र गंभीर झाली. डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदीच घातली. घेणाऱ्यांची संख्या पाहता असे प्रकार विरळ आहेत. तरीही यकृताचा जुना आजार असणाऱ्यांनी ती घेऊ नये आणि इतरांनी खाज किंवा पिवळेपणा दिसताच त्याच दिवशी थांबवावी. अतिकार्यक्षम थायरॉइड, गर्भारपण, स्तनपान यांतही ती वर्ज्य. संधिवातासारखे स्वप्रतिकार आजार असणाऱ्यांनी, प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी, आणि मधुमेह, रक्तदाब वा थायरॉक्सिनच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये.

चरकसंहितेत बुद्धी-स्मृतीला हितकर अशी चार मेध्य रसायने सांगितली आहेत: मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी. मन शांत ठेवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या सिरप-गोळ्यांत यांतली एखाद-दुसरी हमखास असते. इतका जुना मान असलेल्या या चारही वनस्पतींबाबत आज खबरदारीचे काही ना काही कारण हाती आले आहे.

सर्वांत बोलके उदाहरण शंखपुष्पीचे. फिट्सवर फेनिटॉइन घेणाऱ्या आणि त्यावर स्थिर असलेल्या दोन रुग्णांना मुंबईत अचानक पुन्हा झटके येऊ लागले. दोघेही शंखपुष्पीयुक्त आयुर्वेदिक औषध घेत होते आणि रक्तातली फेनिटॉइनची पातळी खाली आली होती. के.ई.एम. रुग्णालयातील औषधशास्त्रज्ञांनी मग उंदरांवर तपासले, तेव्हा काही दिवस दोन्ही औषधे एकत्र दिल्यावर पातळी खरोखर घटते असे आढळले. हा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. इतक्या वर्षांनंतरही फिट्सच्या रुग्णाला ‘डोके शांत राहील’ म्हणून शंखपुष्पी सुचवणारे भेटतात, हे खेदाचे आहे. त्यात भर म्हणजे शंखपुष्पी या एका नावाखाली देशाच्या वेगवेगळ्या भागांत चार निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. विष्णुक्रांता आणि गोकर्ण त्यांतल्याच. नाव सारखे असले तरी आतली द्रव्ये सारखी नसतात.

ज्येष्ठमधातले ग्लिसिरायझिन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते आणि पोटॅशियम घटवते. खोकल्यासाठी तुकडा चघळण्याने काही बिघडत नाही, पण ‘तणावमुक्ती’च्या काढ्यातून तो रोज, आठवडेच्या आठवडे पोटात गेला की रक्तदाब चढतो आणि हृदयाचे ठोके चुकू शकतात. आधीच धडधडीला घाबरलेल्या माणसाला ही नवी धडधड आणखी घाबरवते. गुळवेलीचे प्रकरण करोनाकाळातले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला आणि गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीशी गल्लत होऊ शकते याकडे लक्ष वेधले. वाद काहीही असो, झाडावरून ओरबाडून आणलेल्या वेलीचा रोज काढा पिणाऱ्याला आपण नेमकी कोणती वेल उकळतो आहोत हे ठाऊक नसते, एवढे दोन्ही बाजूंना मान्य व्हावे.

मंडूकपर्णीची अडचणही ओळखीचीच. जमिनीवर पसरणारी, गोलसर मूत्रपिंडाकृती पानांची मंडूकपर्णी आणि ओलसर चिखलात वाढणारी, बारीक मांसल पानांची नीरब्राह्मी या दोन्हींना ठिकठिकाणी ब्राह्मीच म्हणतात. स्मरणशक्तीवरच्या बहुतेक चाचण्या नीरब्राह्मीच्या आहेत. त्या साधारण १२ आठवडे, दिवसाला सुमारे ३०० मिलिग्रॅम अर्क देऊन झाल्या. चिंतेबाबतचा पुरावा त्यामानाने तोकडा आहे. रिकाम्या पोटी घेतल्यास मळमळ, पोटात मुरडा, वारंवार शौचास होणे हे नीरब्राह्मीचे नेहमीचे दुष्परिणाम.

वनस्पती मनावर किती खोलवर जाऊ शकते हे सर्पगंधेइतके दुसऱ्या कोणत्या झाडाने दाखवले नसेल. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये तिच्या रक्तदाब उतरवणाऱ्या आणि उन्मादावरील गुणांविषयी लिहिले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरचे आपले अनुभव मांडले आणि जगाचे लक्ष या मुळाकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्यातून रेसर्पिन वेगळे केले. थोड्याच काळात ते मनोरुग्णालयांतही वापरले जाऊ लागले. रेसर्पिन मज्जापेशींतला सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन आणि डोपामिनचा साठा रिकामा करते. माणूस शांत होतो. पण मात्रा वाढली की कित्येकांना गाढ उदासीनता ग्रासते, रक्तदाब फार उतरतो, हातपाय कापू लागतात. नैराश्याचा इतिहास असलेल्या व्यक्तीने सर्पगंधेची पूड झोपेसाठी घेणे हे विषाची परीक्षा पाहण्यासारखे आहे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर दुहेरी धोका. ही वनस्पती घरगुती वापराची नाहीच.

जटामांसी हिमालयात सुमारे ३,००० मीटरच्या वर वाढते. उपटून उपटून ती इतकी दुर्मीळ झाली आहे की संकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत तिची नोंद अतिसंकटग्रस्त अशी आहे आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. स्वस्त जटामांसीत भेसळ असणार हे त्यामुळे ओघानेच आले. तगर ही युरोपातल्या व्हॅलेरियनची भारतीय बहीण. दोन्ही झोप आणतात असा समज आहे, पण चाचण्यांचे निकाल परस्परविरोधी आहेत. गुंगी मात्र येऊ शकते, म्हणून या दोन्हींनंतर दुचाकी चालवणे टाळावे.

घरातल्या डब्यातही मनावर परिणाम करणारी द्रव्ये असतात. बाळाला झोप लागावी म्हणून दुधात जायफळ उगाळण्याची रीत महाराष्ट्रात आणि गोव्यात घरोघरी आहे. सहाणेवरचे एक-दोन वळसे आणि चमचाभर पूड यांत फार अंतर आहे. मोठ्या माणसानेही साधारण ५ ग्रॅम किंवा जास्त जायफळ पोटात घेतले तर काही तासांनी धडधड, कोरडे तोंड, उलट्या, भास आणि प्रचंड भीती असे विषबाधेचे चित्र उभे राहते. चिंतेवर घेतलेला उपाय चिंतेचा झटका घडवतो. बाळगुटीतल्या वेखंडाची गोष्ट अधिक काळजीची. भारतात मिळणाऱ्या वेखंडात बीटा-ॲसरोन भरपूर असते, प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने कर्करोग झाल्यामुळे अमेरिकेने १९६८ पासून खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास मनाई केली आहे. तान्ह्या बाळाची चिडचिड शमवण्यासाठी ते देण्याची गरज नाही.

परदेशी वनस्पतीही आता शहरी दुकानांत आल्या आहेत. कॅमोमाइलवर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बऱ्यापैकी काम झाले. २०१६ च्या चाचणीत दिवसाला १,५०० मिलिग्रॅम अर्क दीर्घकाळ दिल्यावर लक्षणे सौम्य राहिली, पण चिंता उलटण्याचे प्रमाण नकली गोळीपेक्षा ठामपणे कमी झाल्याचे सिद्ध झाले नाही. कपभर चहात याहून फार कमी द्रव्य असते, तेव्हा तो चहा म्हणून प्यावा. कॅमोमाइल, शेवंती, झेंडू आणि गाजरगवत एकाच कुळातले. गाजरगवताने अंगावर पुरळ किंवा दमा उठणाऱ्यांनी तो जपूनच घ्यावा. लव्हेंडरच्या तेलाच्या ८० मिलिग्रॅमच्या कॅप्सुलांना जर्मनीतील चाचण्यांचा आधार आहे. तो पोटात घेण्यासाठी बनवलेल्या कॅप्सुलांपुरता. वासासाठी मिळणारे बाटलीतले तेल पिऊ नये. प्रशांत महासागरी बेटांवरचे कावा मूळ चिंतेवर गुणकारी म्हणून गाजले होते. यकृत निकामी झाल्याच्या तक्रारींनंतर जर्मनीने २००२ मध्ये ते बाजारातून काढले. पुढे न्यायालयाने ती बंदी उठवली, तरी तज्ज्ञांचा संशय गेलेला नाही. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती यकृतातली औषधे मोडणारी यंत्रणा इतकी जोमाने जागवते की गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन, एचआयव्हीवरची आणि प्रत्यारोपणानंतरची औषधे कुचकामी ठरू शकतात. नैराश्यावरच्या सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्यांबरोबर ती घेतली तर ताप, कंप, भ्रम असा जिवावर बेतणारा प्रकार उद्भवू शकतो.

वनस्पती कोणत्या रूपात घेतली जाते यावरही बरेच अवलंबून असते. अश्वगंधारिष्ट, सारस्वतारिष्ट अशा अरिष्टांत आंबवण्याने तयार झालेले मद्य असते. दारू सोडण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना, यकृताच्या रुग्णांना आणि झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांना ते बाधते. धातूंपासून बनणाऱ्या भस्मांचा आणि रसौषधींचा धोका वेगळा. बॉस्टनमधील दुकानांतून घेतलेल्या, दक्षिण आशियात बनलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक होते. शिशाच्या विषबाधेत चिडचिड, निद्रानाश, पोटदुखी होते, म्हणजे औषधच मूळ तक्रार वाढवते आणि रुग्ण मात्रा वाढवत जातो. चिंतेसारख्या तक्रारीसाठी धातुयुक्त औषध स्वतःच्या मनाने घेऊ नये.

आयुर्वेदिक औषधांना भारतात औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० लागू आहे. वेष्टनावर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि घटकांची यादी असावी लागते. त्याच अश्वगंधेची गोळी आहारपूरक म्हणूनही विकली जाते, तेव्हा वेष्टनावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक असतो. ती रोग बरा करते असा दावा तिला करता येत नाही. १९४० च्या कायद्याखालील नियमांच्या ई (१) परिशिष्टात बचनाग, कुचला, धोतरा, भांग, खुरासानी ओवा अशा विषारी द्रव्यांची यादी आहे. ती असलेल्या औषधावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे बंधनकारक आहे. यांतली भांग आणि खुरासानी ओवा मन शांत करण्याच्या औषधांतही येतात, म्हणून ही ओळ शोधून वाचावी. ‘विजया’ हे भांगेचेच नाव. तिच्यातल्या टीएचसी या नशा आणणाऱ्या द्रव्याने अनेकांची भीती उलट वाढते. सुटे चूर्ण, बिननावाची पुडी, ‘गुप्त फॉर्म्युला’ यांत काय आहे हे कळण्याचा मार्गच नसतो. काही भेसळबाज ‘वनौषधी’त झोपेची आधुनिक गोळी कुटून घालतात, पहिल्याच दिवशी जादूसारखा गुण आला तर आनंदापेक्षा शंका यावी.

सर्वांत गंभीर चूक औषध बदलताना होते. अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम या चिंतेवरच्या गोळ्या महिनोन्महिने घेणारा माणूस ‘सवयीच्या गोळ्या नकोत’ म्हणून त्या एका रात्रीत बंद करतो आणि आस्कंद सुरू करतो. या गोळ्या अचानक थांबवल्याने झोप पार उडते, थरकाप होतो, फिटही येऊ शकते. त्या सोडता येतात, पण डॉक्टरांच्या आखणीने, आठवड्या-आठवड्याला थोड्या थोड्या कमी करत. त्या चालू असताना अश्वगंधा, जटामांसी, तगर यांची भर घातली तर गुंगी साचते आणि वयस्कर माणसे रात्री पडतात. शस्त्रक्रिया ठरली असेल तर वनौषधी साधारण दोन आठवडे आधी थांबवाव्यात आणि भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगाव्यात. डॉक्टर विचारत नाहीत आणि रुग्ण त्याला औषध समजत नाही, म्हणून ही माहिती कागदावर येतच नाही. वैद्य आणि डॉक्टर दोघांकडेही सगळी पाकिटे सोबत नेणे हा यावरचा सोपा उपाय.

एवढे पाहून निरोगी प्रौढ व्यक्तीने वनौषधी घ्यायची ठरवली, तर एका वेळी एकच घ्यावी. पाच वनस्पतींच्या मिश्रणाने गुण आला तरी कशाने आला ते समजत नाही आणि पुरळ उठले तरी दोषी सापडत नाही. सुरुवात वेष्टनावरच्या किमान मात्रेने करावी, सुरू केल्याची तारीख लिहून ठेवावी, झोप आणि धडधडीची रोज दोन ओळींत नोंद करावी. सहा ते आठ आठवड्यांत फरक पडला नाही तर थांबवावी. फरक पडला तरी तीन महिन्यांपलीकडे वैद्यांच्या देखरेखीशिवाय नेऊ नये. चिंतेसाठीचे मानसोपचार, विशेषतः विचार आणि वर्तनावर काम करणारे, नियमित व्यायाम आणि दुपारनंतर चहा-कॉफी बंद करणे यांना कोणत्याही मुळापेक्षा भक्कम आधार आहे. ते चालू असताना वनस्पती जोडीला घेता येते.

श्वास कोंडून मृत्यूची भीती वाटावी असे झटके येणे, कामावर जाणेच बंद होणे, दारूचा आधार घ्यावा लागणे, जगण्याची इच्छा न उरणे ही वनौषधीची प्रकरणे नव्हेत. तिथे उशीर करू नये. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही, उपलब्ध आहे. औषधाचा दुष्परिणाम झाला असेल तर १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर त्याची नोंद करता येते. आयुर्वेदिक महाविद्यालयांतील औषधदक्षता केंद्रेही अशा नोंदी घेतात. त्यासाठी उरलेले औषध, वेष्टन आणि बॅच क्रमांक फेकून न देता जपून ठेवावा.